परब बाईंचं हॉलतिकीट

माझा वाढदिवस एक जूनला असतो. माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा त्याच दिवशी असतो. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी रजिस्टरात एक जून टाकून मोकळे व्हायचे. मी खरी शिमग्यातली. देवाची पालखी अंगणात आली त्या दुपारी आई बाळंत झाली, हे आमच्या अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. तारीख मात्र कुणी लिहून ठेवली नव्हती. गावाहून मुंबईला आले तेव्हा मी सात वर्षांची होऊन गेले होते. बाबा गिरणीत होते. ते मला शाळेत घेऊन गेले तर गुरुजी म्हणाले, "सहाचीच लिहितो. उद्या मुलीला सरकारी नोकरी लागली तर सव्वा वर्ष जास्त मिळेल." बाबांनी घरी येऊन ही गोष्ट आईला इतक्या कौतुकाने सांगितली, की जणू नोकरी लागलीच होती.

शेहेचाळीस वर्षांनी त्याच सव्वा वर्षाने माझी वाट लावली.

मी घाटकोपरच्या एका अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. अठ्ठावीस वर्षं झाली. पहिलीच्या वर्गात जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात एकदम वीस मुलं रडत असताना त्यातलं नेमकं कुठलं आधी उचलायचं, हे मला कळतं. (सगळ्यात मोठ्याने रडणारं नव्हे. दप्तर घट्ट धरून दाराकडे बघत गप्प उभं असलेलं.) चौथीचा भागाकार मी रडवल्याशिवाय शिकवते. आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत सलग अकरा वर्षं शंभर टक्के निकाल लावणारी बाई म्हणून आमच्या वस्तीत माझी ख्याती आहे. शाळेच्या फाटकावर तसा बोर्ड होता, त्यावर माझं नाव होतं, आणि त्या बोर्डाखालून जाताना मी मान किंचित वर करून जायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा डी.एड. झालं की तुम्ही शिक्षक. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिक्षक पात्रता परीक्षा आली. तिला सगळे टीईटी म्हणतात. दीडशे प्रश्न, दीडशे मार्क, अडीच तास. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास. नव्वद मार्क मिळाले की तुम्ही शिकवायला पात्र. ही परीक्षा नव्याने लागणाऱ्यांसाठी, आपल्याला काय त्याचं, असं समजून आम्ही जुने लोक निवांत होतो. नव्या मुली स्टाफरूममध्ये जाडजूड पुस्तकं घेऊन बसायच्या आणि आम्ही त्यांना चहा द्यायचो.

मग कोर्टाचा निकाल आला. जुन्यांनाही टीईटी हवी. दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर घरी बसा. ज्यांना निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलीत त्यांची नोकरी तेवढी सुरक्षित.

त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये सगळे बोटांवर हिशेब करत होते. राणे सरांनी सगळ्यात आधी हात वर केला. राणे सर मालवणचे, माझ्या शेजारच्या वर्गाला शिकवतात, आणि आनंद झाला की त्यांची भाषा थेट गावाला जाते. "माझी चारच वर्सां रवली! मी सुटलंय!"

मी मोजलं. पाच वर्षं नऊ महिने. पुन्हा मोजलं. तेवढेच आले. शिमग्यापासून मोजलं तर साडेचार. गुरुजींनी प्रेमाने दिलेलं सव्वा वर्ष आडवं आलं होतं.

"सर, मी खरी तुमच्याबरोबरचीच आहे हो," मी म्हटलं. "कागदावर लहान आहे."

"बाई, ह्या माका सांगून काय उपयोग? कोर्टाक सांगा," राणे सर म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने कटिंग चहा मागवला, ही आमच्या शाळेच्या इतिहासातली दुर्मीळ घटना.

कुणाला सांगणार? माझ्या हातूनही शंभर-दीडशे एक जून लिहून झालेत. एके वर्षी माझ्या वर्गात एकाच दिवशी अकरा वाढदिवस होते, आणि तेही सुट्टीत पडायचे म्हणून मुलं माझ्यावर रुसायची.

मला राग आला होता, तो साधासुधा नव्हता. अठ्ठावीस वर्षं मी ज्या मुलांना शिकवलं त्यांना काय अपात्र बाईने शिकवलं? त्यातली एक आज नर्स आहे, एक मेट्रो चालवतो. आठवडाभर मी घरी, दारी, भाजीवाल्यापाशी हेच बोलत होते. आठव्या दिवशी भाजीवाला म्हणाला, "बाई, मग देऊन टाका ना एकदाची." तेव्हा कळलं, की रागाच्या खाली भीती आहे. नापास झाले तर? स्टाफरूमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल येणार. माझ्या माजी विद्यार्थ्यांनी भरलेली ही वस्ती. आणि नोकरी गेली तर मी सकाळी सात वाजता उठून करणार काय?

राणे सरांनीच पत्ता आणून दिला. आमच्या शाळेपासून पंधरा मिनिटांवर एका बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे रविवारी सकाळी एक मुलगी टीईटीचे सराव पेपर घेते. मी गेले. चाळीस खुर्च्या, भिंतीला फळा, आणि फळ्यापाशी पंचविशीची एक उंच मुलगी. मला बघून तिने खडू ठेवला.

"बाई! तुम्ही?"

या प्रसंगासाठी आम्हा शिक्षकांकडे एक ठेवणीतलं वाक्य असतं. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही, अशा वेळी म्हणायचं, "अगंबाई, केवढी मोठी झालीस! आई काय म्हणते?" मी म्हटलं.

ती हसली. "आई बरी आहे. बाई, मी प्रज्ञा. प्रज्ञा सोनवणे. चौथी ब. आम्ही तेव्हा इथेच राहायचो, आता मानखुर्दला गेलो. तुम्हाला नाव आठवत नाहीये ना?"

"आठवतंय की."

"जाऊ दे बाई, बसा. पुढे बसा हां, मागे पंखा नाहीये."

प्रज्ञा डी.एड. झालेली. टीईटीत पहिल्या फटक्यात एकशे अठरा मार्क. त्यानंतरची भरतीची परीक्षाही दिलेली आणि तीन वर्षं नेमणुकीच्या यादीची वाट बघत असलेली. मधल्या काळात दुसऱ्यांना पात्र करत होती. म्हणजे फळ्यापाशी उभी होती तिच्याकडे पात्रता होती, नोकरी नव्हती. आणि पहिल्या बाकावर बसली होती तिच्याकडे नोकरी होती, पात्रता नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुस्तकात डोकं घातलं.

पहिल्याच रविवारी तिने सराव पेपर दिला. उत्तरपत्रिका म्हणजे नुसते गोल. प्रत्येक प्रश्नापुढे चार. बरोबर उत्तराचा गोल काळ्या पेनाने पूर्ण भरायचा. मशीन तपासतं. मी अडीच तासांचा पेपर दोन तासांत संपवून ऐटीत दिला. प्रज्ञाने मोबाइलमधल्या अॅपने सगळ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

"बाई, शून्य."

"काय?"

"दीडशेपैकी शून्य. तुम्ही गोल भरलेच नाहीत. टिक केलंय सगळीकडे."

खरंच. प्रत्येक बरोबर उत्तरावर मी छान, लफ्फेदार बरोबरची खूण केली होती. अठ्ठावीस वर्षं हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. माझ्या शेजारी भांडुपच्या एक बाई होत्या, त्यांनी तर दर दहा प्रश्नांखाली आपली छोटी सही केली होती. मुलांच्या वह्यांवर मी आजवर जेवढे भोपळे काढले असतील, त्या सगळ्यांची त्या सकाळी मला आठवण झाली.

नंतर तिने हाताने तपासून दिलं. अडुसष्ट. मराठी आणि गणित चांगलं होतं, इंग्रजी वाईट होतं, पण सगळ्यात मोठा खड्डा होता बालमानसशास्त्रात. तीसपैकी नऊ! ज्या विषयात मी अठ्ठावीस वर्षं अखंड बुडालेली, त्यात नऊ.

"हे चुकीचं तपासलंयस तू," मी म्हटलं.

"बघू या ना बाई. हा प्रश्न. एक मुलगा सारखा वर्गाच्या खिडकीबाहेर बघतो. तुम्ही काय कराल? तुम्ही लिहिलंय, त्याची जागा बदलाल."

"बदलतेच मी."

"पुस्तकातलं उत्तर आहे, त्याला बाहेर काय दिसतं ते विचाराल आणि त्याची सांगड पाठाशी घालाल."

"प्रज्ञा, आपल्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं? मेट्रो! चार-चार मिनिटांनी जाते. दरवेळी सांगड घालत बसले तर भागाकार कधी शिकवू?"

"बरं. हा प्रश्न. एक मुलगी पहिल्या तासाला बाकावर झोपते. तुम्ही लिहिलंय, झोपू द्याल."

"तिची आई पहाटे चारला कामाला जाते, ही तेव्हापासून धाकट्याला सांभाळते. वीस मिनिटं झोपली की दिवसभर उड्या मारते."

"पुस्तकात आहे, कारणांचा शोध घेऊन पालकांशी संवाद साधाल."

"अगं, कारण मला माहीत आहे! आणि संवाद काय साधू, आईला नोकरी सोड म्हणून सांगू?"

सगळा वर्ग हसत होता. प्रज्ञाही हसत होती. मग माझ्या बाकावर टेकून ती म्हणाली, "बाई, इथेच तर घोळ होतो तुम्हा सगळ्यांचा. नव्या पोरींना जास्त पडतात, कारण त्यांनी अजून एकही मूल हाताळलेलं नाही. तुम्ही काय करता ते पेपरात विचारलेलंच नाही. एक खूप चांगली बाई आहे, तिच्या वर्गात वीसच मुलं आहेत, तिला वेळच वेळ आहे. ती काय करेल, ते लिहायचं. बस."

त्या चांगल्या बाईचा मला इतका राग यायला लागला, की दोन रविवार मी तिला मनातल्या मनात आमच्या चौथीच्या वर्गात उभी करून तिची फजिती बघत होते.

तिसऱ्या रविवारी सराव पेपरात एकाहत्तर आले. फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर होती. मी प्रज्ञाला बाजूला घेऊन म्हटलं, "मी काय म्हणते, यंदा राहू दे. दोन वर्षं आहेत हातात. पुढच्या वेळी बसते."

ती एरवी फटाफट बोलणारी. आता खिडकीपाशी गेली, पाणी प्यायली, परत आली. "बाई, पुढच्या वेळी असं काही नसतं. बसा इकडे."

तिने लॅपटॉप उघडला आणि माझा फॉर्म स्वतः भरायला घेतला. नाव, पत्ता, डी.एड.चं वर्ष. जन्मतारीख एक जून लिहिताना गालातल्या गालात हसली. विहाराच्या पांढऱ्या भिंतीपुढे मला उभं करून मोबाइलवर फोटो काढला. "हसू नका बाई. चालत नाही." मी कुठे हसत होते?

त्यानंतर मी खरा अभ्यास सुरू केला. शाळा सुटल्यावर दोन तास रिकाम्या वर्गात बसायचे. राणे सर मला पाढे विचारल्यासारखे इंग्रजीचे शब्द विचारायचे आणि माझं चुकलं की त्यांना फार आनंद व्हायचा. ऐंशी आले, चौऱ्याऐंशी आले. त्या चांगल्या बाईशी थोडीफार ओळख होऊ लागली. एकदा वर्गात एक मुलगा मेट्रोकडे बघत होता, त्याला मी सहज विचारलं, "किती डबे आहेत रे?" त्याने चार सांगितले. "दर डब्यात चाळीस माणसं चढली तर?" अख्खा वर्ग पुढचा अर्धा तास मेट्रोत माणसं भरत होता. मी हे प्रज्ञाला सांगितलं नाही, फुशारली असती.

परीक्षेच्या आदल्या रविवारी शेवटचा सराव पेपर होता. एकोणनव्वद! एक कमी. बालमानसशास्त्रात आता फक्त सातच चुकले होते आणि मी एकेक तपासत होते. एका प्रश्नापाशी अडले. "वर्गातील एक साधारण बुद्धीची विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेला बसण्याची इच्छा व्यक्त करते. तुम्ही काय कराल?" मी क्षणभरही विचार न करता गोल भरला होता: "तिची तयारी पूर्ण नसल्याने तिला पुढच्या वेळी बसण्यास सांगाल."

"हे कसं चूक?" मी म्हटलं. "तयारी नसताना मुलाला बसवायचं आणि नापास करायचं, हे कुठलं मानसशास्त्र?"

बाकीचे लोक निघून गेले होते. प्रज्ञा फळा पुसत होती. वळली नाही. "हा प्रश्न कुठल्या पुस्तकातला नाही बाई. मी घातलाय. ती मुलगी मीच."

आता जे सांगायचं ते आमच्या धंद्यातलं आहे, बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. शिष्यवृत्तीचा निकाल शंभर टक्के कसा लागतो? सोपं आहे. जी मुलं नक्की पास होतील त्यांचेच फॉर्म भरायचे. वर्गात चाळीस मुलं, तर चाचणी घेऊन वरची नऊ-दहा निवडायची, त्यांची यादी हेडबाईंना द्यायची. नऊपैकी नऊ पास, म्हणून शंभर टक्के. फाटकावर बोर्ड लागतो, पालक तो वाचतात, पटावर चार मुलं जास्त येतात. पट घसरला की आमच्यासारख्या मराठी शाळेची एक तुकडी बंद होते आणि एक शिक्षक जातो. सगळ्या शाळा करतात. मीही अकरा वर्षं केलं आणि त्यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

"मी अकरावी होते," प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही दहा घेतली. मी तुमच्याकडे आले, म्हटलं, बाई, माझा फॉर्म? तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, पुढच्या वेळी हां. चौथी एकदाच असते बाई."

मला आठवेना. हे सगळ्यात वाईट होतं. ती सांगत होती आणि मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते, पण कितीतरी जणींना मी तसं म्हटलं असणार, त्यातली ही कुठली?

"मला परीक्षेचं काही नाही वाटलं," ती म्हणाली. "झाले असते नापास, त्यात काय. हॉलतिकीट पाहिजे होतं मला. फोटोवालं. ती दहा मुलं गळ्यात अडकवून फिरत होती. आणि माझे फोटो तर काढून झाले होते. पप्पांनी आधीच काढून आणले होते, स्टुडिओत नेऊन. सहा कॉप्या."

मी तिची माफी मागितली. विद्यार्थ्याची माफी मागायची सवय नसते आम्हाला, त्यामुळे शब्द धड आले नाहीत. ती म्हणाली, "बाई, आता सेंटी होऊ नका यार. तुमचा एक मार्क कमी पडतोय, तो बघा."

परीक्षेचं केंद्र अंधेरीला आलं होतं. मी घाटकोपरहून मेट्रो धरली. रविवार होता. दोन मिनिटांत आमची शाळा आली आणि मी काचेला नाक लावून बघितलं. माझ्या वर्गाची बंद खिडकी दिसली न दिसली तोच गेली. एवढ्याशासाठी मी किती पोरांच्या जागा बदलल्या.

केंद्राच्या दारावर एका तरुण पोराने मला बघून अदबीने म्हटलं, "मॅडम, सुपरव्हायझरांची खोली तिकडे." मी त्याला हॉलतिकीट दाखवलं. बिचारा ओशाळला. आत सगळ्या बाकांवर शिक्षकच शिक्षक. अर्ध्या कोवळ्या पोरी, अर्ध्या माझ्यासारख्या चष्मेवाल्या. पेपर सुरू होऊन तास झाला असेल, तेव्हा मागून कुणीतरी कुजबुजलं, "अहो, सत्तावीसचं काय?" आणि माझ्या तोंडून, खाली मान घालून गोल भरता भरता, वर्गातल्या आवाजात निघून गेलं, "कुजबूज बंद! आपापलं लिहा!"

हॉल चिडीचूप. सुपरव्हायझरबाई खुर्चीत ताठ बसल्या. मग भानावर येऊन माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही परीक्षार्थी आहात." मी सॉरी म्हटलं. पण सत्तावीसचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

निकाल लागला तो दिवस शाळेचा होता. माझ्या मोबाइलवर साइट उघडेना. मधल्या सुट्टीत राणे सर त्यांचा मोबाइल नाचवत माझ्या वर्गात आले. मुलं डबे खात होती. सरांनी मला काही न सांगता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ९३. पुढे लिहिलं: पास.

मुलांनी बाकं बडवली. मी खुर्चीत बसले, मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, "बाई, कितीपैकी?"

"दीडशेपैकी."

तो विचारात पडला. "फक्त त्र्याण्णव?" मग माझ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, आपल्या डब्यातला अर्धा लाडू त्याने मला दिला.

संध्याकाळी पेढे घेऊन मी मानखुर्दला प्रज्ञाच्या घरी गेले. तिचे वडील सांताक्रूझला विमानतळावर साफसफाईच्या कामाला आहेत, नुकतेच ड्युटीवरून आले होते. मूळचे जालन्याकडचे. "जयभीम बाई, या या," करून त्यांनी मला एकुलत्या खुर्चीवर बसवलं. पोरीने बाईंना पास केलं म्हणून त्यांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी पेढा आधी मलाच भरवला.

मी त्यांना फोटोंबद्दल विचारलं. ते उठले, कपाटातून प्रज्ञाच्या सर्टिफिकेटांची फाइल काढली आणि तिच्या मागच्या कप्प्यातून स्टुडिओचं पिवळं पाकीट बाहेर काढलं. पाच फोटो होते. एक पाचवीत बसच्या पासला लागला होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, तोंडाला जरा जास्तच पावडर, आणि शाळेच्या गणवेशाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तो चेहरा बघितला आणि मला ती आठवली. तिसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. खडू आणायला सांगितलं की धावत जायची.

"सोनवणे, माझं चुकलं होतं," मी म्हटलं.

"न्हाई वो बाई," ते म्हणाले. "ही रडत घरी आली, तवा मी हिला सांगितलं. म्हनलं, बाईंनी न्हाई म्हनलं म्हंजी इचार करूनच म्हनलं आसंल."

तुमच्यावर कुणी एवढा विश्वास ठेवून होतं, आणि तुम्ही त्या दिवशी विचार कसला, नुसती चाचणीची बेरीज बघितली होती.

"पप्पा, बस करा, बाई परत रडतील," प्रज्ञा म्हणाली. "चहा घ्या बाई."

निघताना मी एक फोटो मागून घेतला.

प्रज्ञाची यादी अजून लागलेली नाही. आता तिच्या बरोबरीने मीही रोज मोबाइलवर बघते, आणि साइट उघडली नाही की आम्ही दोघी एकमेकींना फोन करून सरकारला नावं ठेवतो. तेवढंच मन हलकं होतं.

मधली काही वर्षं शिष्यवृत्तीची परीक्षा पाचवीला गेली होती; आता पुन्हा चौथीला आली आहे, आणि यंदा चौथी माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात हेडबाईंनी यादी मागितली. हेडबाई भल्या आहेत, पटाची काळजी त्यांना झोपू देत नाही. मी त्यांच्या टेबलावर माझा हजेरीपट ठेवला.

"परब बाई, हे मस्टर आहे. यादी कुठाय?"

"हीच यादी."

त्यांनी चष्मा लावून मोजलं. "चोवीसच्या चोवीस? अहो, निकाल किती लागेल? आणि फाटकावरच्या बोर्डाचं काय?"

"बोर्डावर यंदा 'बसलेली मुलं चोवीस' असं लिहू. शिकवायची जबाबदारी माझी. सकाळी तासभर आधी येते मी."

त्या सुस्कारा टाकून पानं उलटायला लागल्या, नावं नीट लागली आहेत का ते बघायला. शेवटच्या पानानंतर कव्हरच्या आतल्या बाजूला मी तो फोटो चिकटवला होता. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ही कोण? ही आपल्या पटावर नाही."

"होती," मी म्हटलं. "हिचा फॉर्म भरायचा राहिला होता."